काकांनी वीस रुपये काढले

अहो, ऐकलंत का? इकडे या जरा कुंपणापाशी. मोठ्यानं नको बोलायला, त्यांची खिडकी उघडीच असते. बँकेतल्या काकांनी वीस रुपये काढून दिले! स्वतःच्या खिशातून हो, कुणी मागायच्या आधी. आणि कशाला, तर आमिर खानच्या पिक्चरला! टेका जरा त्या कट्ट्यावर, हे उभ्या उभ्या सांगायचं नाही.

म्हणजे तो ‘सितारे जमीं पर’ नाही का, २०२५च्या जूनमध्ये थेटरात लागलेला? बास्केटबॉलचा कोच आणि ती गोड मुलं. मूळ स्पॅनिश पिक्चर, ‘चॅम्पियन्स’ नावाचा. तर आमिरनं काय केलं, तेव्हा कुठल्याच ओटीटीवाल्याला दिला नाही. १ ऑगस्टला सरळ यूट्यूबवर टाकला, शंभर रुपये भरा आणि घरी बघा. वरच्या मजल्यावरच्या सूनबाईनं लगेच हिशेब मांडला, पाच घरं, घरटी वीस. थेटरात शंभरात एक माणूस आत जायची मारामार, इथे पाच घरांतली सतरंजीवर मावतील तेवढी माणसं. मी भडंग केलं, कुणी शेंगाची चटणी आणली... आता पिक्चरबरोबर शेंगाची चटणी कोण आणतं, पण आपल्या सोलापुरात कशाबरोबरही चालते.

तर काय सांगत होते... काका. सूनबाई वर्गणीला दारात गेली, तर हे पाकीट हातात घेऊनच उभे. काकू मागून माझ्याकडे बघून नुसत्या डोळ्यांनी हसल्या. का हसल्या ते तुम्हाला कळायचं नाही, त्या दिवाळीत तुम्ही लेकीकडे पुण्याला होतात.

२०२२चा ऑगस्ट आठवतोय? राखीपौर्णिमेला ‘लाल सिंग चड्ढा’ आला आणि तो बघायचाच नाही म्हणून मोबाइलवर नुसता धुरळा उडाला. आपल्या ग्रुपवर रोज सकाळी गुड मॉर्निंगच्या फुलाआधी काकांचा बॉयकॉटचा मेसेज. मी म्हटलंही त्यांना, ‘अहो काका, पण लिहिलाय आपल्या अतुल कुलकर्णीनं.’ हरिभाई देवकरण शाळेचा मुलगा तो. इथल्याच ‘नाट्य आराधना’त नाटकं करत मोठा झाला. ‘हे राम’ आणि ‘चांदनी बार’, दोन्हीला नॅशनल अवॉर्ड. काका एरवी ‘आमच्या शाळेचा’ म्हणून छाती काढतात की नाही? त्या दिवशी म्हणाले, ‘शाळा शाळेच्या जागी.’ आणि पेपर उघडून तोंडापुढे धरला. मी म्हटलं, बरं बाई.

त्या अतुलचं वाईट वाटतं हो मला. टॉम हँक्सचा तो ‘फॉरेस्ट गम्प’, १९९४चा, सहा ऑस्कर मिळालेला. तो हिंदीत आणायचा म्हणून यानं लिहून काढला भराभर, आणि हक्क मिळून पिक्चर उभा राहायला मग वर्षांमागून वर्षं. तिकडचा चॉकलेटचा डबा जाऊन इथे पाणीपुरी आली. एवढं सगळं करून पिक्चर लागला, तर पहिल्याच आठवड्यात खुर्च्या रिकाम्या. समीक्षकांतही दोन तट. कुणी म्हणे आमिर डोळे फार मोठे करतो, ‘पीके’तलाच परत आलाय. कुणाला करीना आवडली, कुणाला कोणीच नाही. आधी बोलत होते, सहा महिने ओटीटीवर येणार नाही म्हणून. आला की ६ ऑक्टोबरला नेटफ्लिक्सवर! दोन महिनेसुद्धा पुरे झाले नव्हते.

आणि मग गंमत सुरू झाली. जो तो विचारायला लागला, अरे, बरा तर आहे, हा पडला कशानं? भारतात नेटफ्लिक्सच्या यादीत चक्क पहिल्या नंबरावर गेला. आता ही पहिल्या नंबराची माणसं ऑगस्टमध्ये कुठे होती? घरात बसून मेसेज पुढे ढकलत होती, दुसरं काय!

तर दिवाळी. फराळाचं ताट घेऊन मी गेले काकांकडे. दार लोटलेलं, काका अंघोळीला, टीव्ही चालू. मी काही मुद्दाम बघितलं नाही हं, समोरच होता तो! तिथे ते नाही का येत, ‘पुढे बघत राहा’ म्हणून, अर्धवट सोडलेल्या पिक्चरांची रांग? पहिलंच चित्र कुणाचं? पगडी घातलेला आमिर. आणि खाली ती लाल रेघ पार टोकाला टेकलेली. मी काकूंकडे बघितलं. काकू ताटावरचा रुमाल काढता काढता म्हणाल्या, ‘तिसऱ्यांदा बघतायत. ती आईची जागा आली की नाक शिंकरायला बेसिनवर जातात.’ तेवढ्यात पंचा गुंडाळून काका बाहेर! माझ्याकडे बघितलं, टीव्हीकडे बघितलं, रिमोट शोधायला लागले. रिमोट माझ्या बाजूला. मी दिला हो, मला काय करायचंय. तोंड असं उतरलं बिचाऱ्यांचं... आणि म्हणतात काय, ‘नातवानं लावला असेल.’ नातू बेंगळुरूला!

मी मात्र तेव्हापासून एक धरून ठेवलंय. पिक्चरचा खरा निकाल शुक्रवारी लागतच नाही. थेटरात माणूस एकटा नसतो. तिकिटाचे पैसे, पार्किंगचा वैताग, शेजारच्याचं पॉपकॉर्न, सकाळी वाचलेले स्टार, ग्रुपवरचा राग, सगळं शेजारच्या खुर्चीत येऊन बसतं. घरात पाय वर घेतले, बघणारं कुणी नाही, की मग माणूस खरा रडतो नाहीतर खरा झोपतो.

पूर्वीही हेच होतं की. व्हीसीआर भाड्यानं आणायचो ते आठवतंय? एका रात्रीचं भाडं, म्हणून रात्रीत तीन पिक्चर! शेवटच्याला निम्मी गल्ली आडवी. कॅसेटच्या दुकानातला तो पोरगा, नाव नको, आता मोठा माणूस झालाय, तो आपला समीक्षक. पेपरात कोण काय लिहितंय ते आम्हाला माहीतही नसायचं. कॅसेट हातात ठेवताना तो म्हणायचा, ‘न्या ताई, रुमाल घेऊन बसा,’ नाहीतर मान हलवून, ‘आहे आपला टाइमपास.’ एवढाच रिव्ह्यू. कधी चुकला नाही मेला. एक दिवस उशीर झाला की दंड मात्र दुप्पट लावायचा.

‘माहेरची साडी’ त्यानंच दिली. १९९१चा पिक्चर, अलका कुबल, विजय कोंडकेंचा. शिकलेल्या लोकांनी काय नाकं मुरडली होती! रडारड आहे नुसती, म्हणे. आमच्याकडे कॅसेट लागली तर समोरच्या वाड्यातल्या सगळ्या बायका आणि त्यांच्या सासवा. पडद्यावरच्या सासूला आमच्या समोरच्या सासूबाईंनी इतक्या शिव्या घातल्या, इतक्या घातल्या... डोळे पुसले, पदर खोचला, आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या सुनेला, ‘भाकरी अजून झाल्या नाहीत का गं? पिक्चर बघायला वेळ मिळतो!’ ती सून परवा मला हे सांगून हसत होती. आता ती स्वतः सासू आहे, पण तो विषय वेगळा, संध्याकाळी सांगते.

मग त्या चकत्या आल्या, व्हीसीडी. एका पिक्चरच्या दोन. पहिली संपली की इंटरव्हल, मग कुणीतरी उठून दुसरी घालायची. ओरखडा असला की नायक तोंड उघडून तिथेच, मग पदरानं पुसायची, टूथपेस्ट लावायची. सुरुवातीला महाग होत्या हो. पुढे २००७च्या सुमाराला मोझर बेअरनं अठ्ठावीस रुपयांत व्हीसीडी काढली आणि चौतीसला डीव्हीडी. भाजीच्या पिशवीतून पिक्चर यायला लागले! आमच्या ह्यांनी पेटी भरून आणले, अजून माळ्यावर आहेत. लावायला यंत्र नाही, टाकून द्यायचं म्हटलं की तोंड पाडून बसतात.

तर काय सांगत होते... हां, घरी बघण्याचं. कोपऱ्यावरच्या आजींचं ठाऊक आहे ना, ‘सैराट’चं? त्यांचं माहेर करमाळ्याकडचं. दिग्दर्शक नागराज मंजुळे जेऊरचा, परश्या झालेला आकाश ठोसर करमाळ्याचा, आर्ची झालेली रिंकू अकलूजची. सगळा आपलाच जिल्हा. २९ एप्रिल २०१६ला लागला तेव्हा लोक थेटरात खुर्च्यांवर चढून नाचले. आजी पण गेल्या होत्या, नातवंडांबरोबर. शेवटाला सगळं थेटर गपगार, तशाच ह्या उठून आल्या आणि दोन दिवस जेवल्या नाहीत नीट. तोवर बर्लिनच्या फेस्टिव्हलला जाऊन आलेला तो पिक्चर. रिंकूला तर लागायच्या आधीच राष्ट्रीय पुरस्कारात खास उल्लेख. मराठीत शंभर कोटी म्हणजे काय ते तोवर कुणाला ठाऊक नव्हतं. समीक्षकांनी शेवटाचंच कौतुक केलं सगळ्यांत जास्त, की ती शांतता, ती बाळाची पावलं...

आजींना नाही पटलं ते. टीव्हीवर आला, मोबाइलवर आला, तेव्हापासून आजींचा ‘सैराट’ वेगळा. आर्ची बुलेटवरून येते, ट्रॅक्टर चालवते, विहीर, गाणी, पळून जातात, हैदराबादेत भांडतात, परत एक होतात, घर होतं, बाळ होतं. आणि माहेरची माणसं पिशव्या घेऊन दारात आली की आजी म्हणतात, ‘बंद कर रे.’ नातू बंद करतो. आजी पानाचा डबा उघडतात. त्यांच्या घरात आर्ची-परश्या जिवंत आहेत, नांदतायत, पोरगं आता शाळेत असेल. मी एकदा म्हटलं, ‘आजी, पण पिक्चरचा सगळा अर्थच त्या शेवटात आहे, असं लिहिलंय सगळ्यांनी.’ तर माझ्याकडे बघून म्हणतात, ‘लिहिणाऱ्याला लेक हाय का?’ मला काही बोलताच आलं नाही बघा.

त्याच नागराजचा ‘झुंड’. अमिताभ, नागपूरचे ते फुटबॉलचे गुरुजी विजय बारसे, झोपडपट्टीतली पोरं. ४ मार्च २०२२ला लागला. रिव्ह्यू इतके छान, इतके छान, आणि पुढच्याच शुक्रवारी ‘काश्मीर फाइल्स’ आला नि गर्दी सगळी तिकडे. मेमध्ये झी-फाइव्हवर यायचा, तर त्यातही कोर्टकचेरी. कॉपीराइटचं भांडण तेलंगणाच्या हायकोर्टातून पार सुप्रीम कोर्टात, आणि तिथून वाट मोकळी झाली तेव्हा ६ मेला आला. आमच्याकडे तो दोनदा बघून झाला. लांबडा आहे, मी नाही म्हणत नाही. घरी लांबडा चालतो, मध्ये उठून कुकर लावता येतो.

नळाला पाणी येतंय का हो? नाही ना? बसा मग.

पूर्व भागातली माझी मैत्रीण आहे, अक्का. घरी सगळं तेलुगू. ‘आरआरआर’ मार्च २०२२ला आला तेव्हा ती पहिल्या दिवशी थेटरात, मुलंबाळं, जावई, सगळी फौज. आणि मे महिन्यात नेटफ्लिक्सवर आला तो हिंदीतला! तेलुगू तिकडे झी-फाइव्हवर. आणि तो हिंदी आवाजातला बघून अमेरिकावाले वेडे झाले. अक्का मला विचारते, ‘म्हणजे काय गं, एनटीआर आणि रामचरण तिकडे आता हिंदी बोलतात?’ तिला इतकं लागलं ते! बरं, हिंदीत त्या गाण्याचं ‘नाचो नाचो’ केलेलं. पण ऑस्कर कुणाला? ‘नाटू नाटू’लाच! १३ मार्च २०२३, सोमवारी सकाळी आपल्याकडे टीव्हीवर दाखवत होते. अक्काचा फोन. हॅलो नाही, काय करतेस नाही. एकच शब्द, ‘तेलुगू.’ आणि ठेवला.

त्यातही बघा, आपल्या देशाकडून ऑस्करला त्या वर्षी पाठवला होता गुजराती ‘छेल्लो शो’. ‘आरआरआर’ पाठवलाच नव्हता. तो घराघरांतल्या टीव्हीतून स्वतःच्या पायांनी गेला अमेरिकेला. अक्का म्हणते, घरच्यांनी सून पसंत केली एक आणि मुलगा घेऊन आला दुसरीच.

आणि समीक्षकांना आवडलेलं सगळंच आपल्याला पचतं असंही नाही हं. ‘द डिसायपल’ लावला होता आम्ही, चैतन्य ताम्हाणेचा. व्हेनिसला पटकथेचं बक्षीस, मागे अल्फोन्सो कुआरोनसारखा माणूस, आणि ३० एप्रिल २०२१ला, लॉकडाउनच्या धामधुमीत, थेट नेटफ्लिक्सवर. तो गाणं शिकणारा मुलगा रात्री मोटारसायकलवरून जातोय, जातोय, कानात त्या माईंचं व्याख्यान चाललंय... आमचे हे घोरायला लागले. खोटं कशाला बोलू, माझीही मान पडली. पण मागच्या गल्लीतल्या गाण्याच्या बाई ताठ बसून. त्या माईंचा आवाज सुमित्रा भाव्यांचा, आणि पिक्चर यायच्या अकरा दिवस आधी, १९ एप्रिलला, त्या गेल्या. बाईंच्या डोळ्यांना धार. मला म्हणतात, ‘बत्तीस वर्षं शिकवलं मी. एकही गायक झाला नाही.’ मी चहा करायला आत गेले, काय बोलणार?

‘तुंबाड’चं मात्र उलटं झालं. राही अनिल बर्वेचा, आपल्या नारायण धारपांच्या गोष्टीवरून सुचलेला. २०१८च्या ऑक्टोबरात आला नि फार कुणी न बघताच उतरला. मग प्राइमवर लोकांनी रात्री दिवे घालवून बघितला. एकानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. आमच्या धाकट्यानं तो बघितल्यापासून ओल आलेल्या भिंतीला पाठ लावून बसत नाही. २०२४च्या सप्टेंबरात परत थेटरात लावला, तर पहिल्यापेक्षा जास्त गल्ला! घरी फुकट बघितलेली पोरं पैसे देऊन परत गेली. धाकटाही गेला. मी विचारलं, आता कशाला रे? म्हणे, ‘घरी तू मध्ये मध्ये लाइट लावत होतीस.’

आणि काही पिक्चर घरी आले की पार बसतात, हेही सांगून ठेवते. ‘बाईपण भारी देवा’ला आपण गेलो होतो ना, २०२३च्या जुलैत, सगळ्या नऊवारी नेसून? किती हसलो, किती रडलो, थेटरातच फुगडी! नंतर मी घरी एकटीनं बघितला. सहा बहिणी त्याच, मंगळागौर तीच. पण शेजारी तुम्ही नाही, पुढच्या रांगेतल्या त्या अनोळखी बाईची शिट्टी नाही... निम्म्यात बंद केला. समीक्षकांनी त्यात जे उणं काढलं होतं ना, ते सगळं मला त्या दिवशी दिसलं. थेटरात एक दिसलं नव्हतं. म्हणून म्हणते, ज्यानं त्यानं आपापल्या खुर्चीवरून लिहावं.

आता समीक्षक म्हटलं की... इकडे या अजून जवळ. मागच्या गल्लीतला तो इंजिनीअरिंगचा पोरगा, चष्मेवाला. इन्स्टाग्रामवर पिक्चरचे रिव्ह्यू टाकतो, स्टार देतो, गळ्यात तो माइक लावून. त्याची आई सगळ्यांना सांगत फिरते, ‘आमचा क्रिटिक आहे.’ तर ह्यानं २०२२च्या ऑगस्टमध्ये ‘लाल सिंग’ला दिला दीड स्टार. वर लिहिलं, झोप काढायला उत्तम. मी तेव्हाच फोटो काढून ठेवला होता, कारण मला काकांना दाखवायचा होता, त्यांचा पक्ष बळकट व्हायला. तेव्हा मी काकांच्याच बाजूनं होते ना थोडीशी, पिक्चर कुठे बघितला होता!

परवा ‘सितारे’ बघायला तोही सतरंजीवर. पिक्चर संपला, चहा झाला, तर काकांनी त्याला विचारलं, ‘काय रे, आमिरचा आधीचा, तो लाल सिंग, तुला कसा वाटला होता?’ काका विचारतायत बरं का, काका! आणि पोरगा चष्मा वर करून म्हणतो, ‘अंडररेटेड होता काका. मी तेव्हाच म्हटलं होतं.’ काकांनी खूश होऊन त्याच्या पाठीवर थाप मारली. ‘मीही!’ म्हणाले.

मी आणि काकू एकमेकींकडे बघितलंच नाही, हसू फुटलं असतं. रात्री जाऊन त्याचं पान उघडलं. दीड स्टारची पोस्ट गायब! तिथे दुसरीच, आणि साडेतीन. तारीख मात्र बदलता येत नाही त्या बावळटाला, ऑक्टोबर २०२२ दिसतेय. म्हणजे ह्यानंही दिवाळीच्या सुमारासच पलटी मारली, काकांच्या बरोबरीनं.

तो जुना फोटो आहे माझ्याकडे अजून. तुम्हाला पाठवते, पण ग्रुपवर टाकू नका हं, निदान भिशी होईपर्यंत तरी. या वेळची भिशी त्याच्या आईकडे आहे आणि तिच्या हातची पुरणपोळी मला चुकवायची नाही.